युद्धस्मृतिसाधने, भारतीय सैनिकांची (पहिले महायुद्ध)

युद्धात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या सैनिकांची पत्रे, दैनंदिन्या, आठवणी, ध्वनिमुद्रणे व छायाचित्रे यांचा अंतर्भाव युद्धस्मृतिसाधनांत होतो. सेनापतींचे खलिते व पलटणींचे वृत्तांत सरकारी दप्तरांत सहसा टिकून राहतात. सामान्य शिपायाचा अनुभव मात्र कोणी मुद्दाम नोंदविला नाही, तर त्याच्याबरोबर लोपतो. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सु. १० लाख भारतीय समुद्रापार गेले व त्यांपैकी सु. ७४ हजार मृत्यू पावले. त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. त्यांच्या ज्या स्मृती उरल्या, त्या बहुतांशी परक्यांनी आपल्या हेतूंसाठी गोळा केलेल्या आहेत, ही या साधनांची मोठी मर्यादा होय.

सर्वांत विपुल साधन म्हणजे टपाल-तपासणीचे अहवाल. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये भारतीय टपालाच्या तपासणीसाठी कॅप्टन ई. बी. हॉवेल या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. मार्च १९१५ च्या सुमारास भारतीय सैनिकांची दर आठवड्यास १० ते २० हजार पत्रे फ्रान्समधून जात. सैन्याचे मनोधैर्य अजमावण्यासाठी निवडक पत्रांचे उतारे इंग्रजीत भाषांतरित करून वरिष्ठांकडे धाडले जात. हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे मात्र बहुतेक नष्ट झाली. म्हणजे शिपायाने सांगितलेले, लेखनिकाने उतरविलेले आणि तपासनिसाने निवडून भाषांतरिलेले, असे हे तिहेरी गाळणीतून आलेले शब्द आहेत. आपले पत्र वाचले जाते, हे सैनिकांनाही ठाऊक होते. त्यामुळे हिंदी सैनिकांसाठी ‘काळी मिरी’ व गोऱ्यांसाठी ‘तांबडी मिरची’ अशी सांकेतिक भाषा काही पत्रांत आढळते. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये या उताऱ्यांचे संपादन प्रसिद्ध केल्यावर ते सर्वसामान्य वाचकांस उपलब्ध झाले.

दुसरे साधन शत्रूच्या हातून आले. बर्लिनजवळील व्ह्यून्सडॉर्फ येथील युद्धकैद्यांच्या छावणीत प्रशियाच्या ध्वनिमुद्रण आयोगाने (स्थापना १९१५) भाषाभ्यासासाठी भारतीय कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. प्रत्येकाचे गाव, जात, शिक्षण इ. तपशील नोंदले गेले. ११ डिसेंबर १९१६ रोजी मुद्रित झालेल्या मालसिंग या पंजाबी शिपायाच्या निवेदनात तो स्वतःविषयी तृतीय पुरुषी बोलतो आणि घरच्या लोण्याची व मायदेशी परतण्याची ओढ व्यक्त करतो. संशोधकांना हवे होते उच्चारांचे नमुने. टिकून राहिली ती एका माणसाची व्यथा. या तबकड्या आता बर्लिनच्या हंबोल्ट विद्यापीठात असून त्यांचे अंकीय रूपांतर झाले आहे.

छायाचित्रांची स्थिती अशीच संमिश्र आहे. एच. डी. गर्डवुड यांनी १९१५ मध्ये फ्रान्समध्ये भारतीय तुकड्यांची बरीच छायाचित्रे घेतली. ब्रायटनच्या राजवाड्यात उघडलेल्या रुग्णालयातील जखमींची चित्रे तर प्रचारार्थ टपालपत्रांवर छापली गेली. गर्डवुड यांच्या चित्रणातील काही दृश्ये आघाडीच्या मागे मुद्दाम घडवून आणलेली आहेत. बहुधा पलटणीचे नाव दिलेले असते, व्यक्तीचे नसते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मोठी उणीव मेसोपोटेमियाची. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी तेथे लढल्या व कुतच्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ – २९ एप्रिल १९१६) सापडल्या. फ्रान्समधील टपाल-तपासणीच्या अहवालांत त्यांचा आवाज येणे शक्यच नव्हते. या मोहिमेचे दुर्मिळ भारतीय निवेदन बंगालीत आहे : रुग्णसेवा-पथकातील शिशिर सर्वाधिकारी यांनी तुर्कांच्या कैदेत आपल्या नोंदी बुटात लपवून जपल्या व सु. चार दशकांनी त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. बसरा येथील स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या २०२१ मधील अहवालाने अशा विषम वागणुकीची कबुली दिली.

इंग्लंडमध्ये १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसंग्रहालयाने १९७२ पासून सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला आणि अमेरिकेत २००० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. भारतात मात्र पहिल्या महायुद्धातील शिपाई हयात असताना असे पद्धतशीर काम झाले नाही. या युद्धातील जगातील अखेरची ज्ञात सैनिकव्यक्ती २०१२ मध्ये निवर्तली. त्यामुळे आता भिस्त कौटुंबिक ठेव्यावर आहे : पदके, सेवापुस्तिका, पलटणीचे समूहचित्र. अशा चित्रामागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, पलटण, स्थळ व वर्ष लिहिणे, चित्र आम्लविरहित कागदात ठेवणे आणि चिकटपट्टी टाळणे, एवढ्या साध्या उपायांनीही ते टिकते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावासारख्या ठिकाणच्या शिलालेखांत किती जण गेले व किती परतले नाहीत एवढेच सांगितलेले असते. ते कोण, हे गावातील घरांतूनच शोधावे लागते. लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या नोंदवह्यांतून पंजाबातील सु. ३,२०,००० सैनिकांची गाववार माहिती २०२१ पासून अंकीय स्वरूपात खुली होऊ लागली. अनेक कुटुंबांस आपल्या पणजोबाची पलटण तेथे प्रथमच कळली.