चळवळीचं टपाल

१३ जून १९१२ला भल्या सकाळी डब्लिनमध्ये आठ बायकांनी सरकारी इमारतींच्या काचा फोडल्या. आयर्लंडला स्वराज्य देऊ पाहणाऱ्या होम रूल विधेयकात बायकांना मत नव्हतं, त्याचा हा राग. फुटलेल्या काचांत मुख्य पोस्ट ऑफिसच्याही होत्या. मला याचं हसू येतं, कारण त्यांची सगळी चळवळ पोस्टाच्याच जिवावर चालत होती.

हॅना शीही-स्केफिंग्टन आणि मार्गारेट कझिन्स यांनी १९०८मध्ये ‘आयरिश विमेन्स फ्रँचाइज लीग’ काढली. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. पत्राला एक पेनीचं तिकीट लागे आणि शहरात टपाल दिवसातून अनेकदा वाटलं जाई. त्यामुळे आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं काम तिथे पत्रं करत. सभेला हॉल मिळाला का, बाहेरगावी बोलायला कोण जाणार, वर्गणी कुणाची राहिली, ‘आयरिश सिटिझन’चे अंक कोण विकणार: चळवळीचा रोजचा व्याप म्हणजे हाच.

दगड मारणाऱ्या आठजणींची नावं इतिहासात राहिली. हॅनाने तुरुंगात केलेलं उपोषणही राहिलं. पण त्या आत असताना बाहेरचं काम ओढणाऱ्या बायका आज कुठे भेटतात? बऱ्याचदा फक्त कुणीतरी जपून ठेवलेल्या पत्रांत. हॅनाचे कागद आता डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, चळवळीचे आणि घरचे एकाच संग्रहात.

मार्गारेट १९१५मध्ये नवऱ्याबरोबर भारतात आली, आणि पत्र लिहायची सवयही घेऊन आली. १९१७मध्ये भारतमंत्री माँटेग्यू दौऱ्यावर होते. मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलायचं म्हणून तिने भेटीची वेळ मागितली. उत्तर आलं, भेट फक्त राजकीय विषयांवर. मग तिने अर्जात मताधिकाराची मागणी घातली! १८ डिसेंबरला मद्रासमध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ माँटेग्यूंना भेटलं, ते यातून.

१९२६मध्ये तिने देशभरच्या महिला संस्थांना आणखी एक पत्र पाठवलं: शिक्षणाबद्दल आपापल्या भागात बैठका घ्या, मग सगळ्या एकत्र भेटू. जानेवारी १९२७मध्ये त्या भेटल्या, पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. अखिल भारतीय महिला परिषदेची ती सुरुवात. त्या कॉलेजवरून मी कित्येक वर्षं बसने जात होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

हे वाचताना मला आमचं हॉस्टेल आठवलं. रात्री दहाचं गेट अकराला न्यायला आम्ही तीन महिने भांडलो. सह्या, अर्जाचे मसुदे, कोण कुणाशी बोलणार, सगळं एका ग्रुपवर होतं. नंतर मी फोन बदलला, बॅकअप घेतला नव्हता. गेट आजही अकराला बंद होतं. पण अर्ज पहिल्यांदा कुणी लिहिला होता, हे आता आमच्यापैकी कुणालाच नक्की आठवत नाही.