डोमेनमधल्या व्हर्च्युअल मशीनसाठी डीएनएस आणि डीएचसीपी कसं सेट कराल?

प्रायव्हेट क्लाउडमध्ये टेम्प्लेटवरून नवीन व्हर्च्युअल मशीन काही मिनिटांत तयार होतं. पण डोमेनला जोडायला गेलं की डोमेन कंट्रोलर सापडत नसल्याचा एरर येतो. अशा वेळी पासवर्ड तपासत बसू नका, आधी डीएनएस बघा.

विंडोज मशीन डोमेन कंट्रोलरला शोधतं ते डीएनएसमधल्या एसआरव्ही रेकॉर्डवरून. हे रेकॉर्ड ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या स्वतःच्या झोनमध्ये असतात. इंटरनेटवरच्या सार्वजनिक डीएनएसला त्यांचा पत्ताच नसतो. तरीही 'असू दे बॅकअप म्हणून' असं म्हणत दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ टाकणारे खूप. ही सवय महागात पडते. पहिला सर्व्हर क्षणभर उत्तर द्यायला चुकला की मशीन दुसऱ्याकडे जातं, तो 'असं नावच नाही' म्हणतो, आणि विंडोज ते खरं उत्तर मानून थांबतं. मग लॉगिन कधी होतं, कधी नाही. दोन्ही रकान्यांत डोमेनचेच डीएनएस सर्व्हर हवेत. बाहेरच्या नावांसाठी त्या सर्व्हरवर फॉरवर्डर लावा.

डीएचसीपी स्कोपमध्ये तीन ऑप्शन महत्त्वाचे: ००३ म्हणजे गेटवे, ००६ म्हणजे डीएनएस सर्व्हर, ०१५ म्हणजे डोमेनचं नाव. डोमेन कंट्रोलरला मात्र आयपी स्थिरच द्या. विंडोजचा डीएचसीपी सर्व्हर डोमेनमध्ये असेल तर त्याला ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ऑथोराइज करावं लागतं, नाहीतर तो पत्ते वाटतच नाही. मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये असतील तर राउटरवर डीएचसीपी रिले हवा, कारण पत्ता मागणारा ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही.

आता क्लाउडची खास डोकेदुखी. इथे मशीन बनतात आणि पुसली जातात, पण त्यांचे डीएनएस रेकॉर्ड मागे उरतात. जुनं मशीन आणि त्याचं कॉम्प्युटर अकाउंट काढून त्याच नावाने नवं केलं, तर सिक्युअर डायनॅमिक अपडेटमध्ये जुन्या रेकॉर्डची मालकी जुन्याच अकाउंटकडे असते. नव्याला तो बदलता येत नाही आणि नाव भलत्याच आयपीकडे बोट दाखवत राहतं. यावर उपाय दोन. एक, रेकॉर्ड नोंदवायचं काम डीएचसीपीकडे द्या आणि त्यासाठी साधं, जादा अधिकार नसलेलं वेगळं अकाउंट ठेवा. दोन, स्कॅव्हेंजिंग चालू करा. ते सर्व्हर आणि झोन दोन्हीकडे लावावं लागतं. त्याचे मूळ कालावधी ७ अधिक ७ दिवस आहेत, तर विंडोज डीएचसीपीची मूळ लीज ८ दिवसांची. लीज कमी केलीत तर हे आकडेही त्या हिशोबाने बदला. हाताने टाकलेले स्टॅटिक रेकॉर्ड स्कॅव्हेंजिंगमध्ये जात नाहीत, त्यांची काळजी नको.

शेवटी नव्या मशीनवर एनएसलूकअपने डोमेनचा एसआरव्ही रेकॉर्ड विचारून बघा. उत्तरात डोमेन कंट्रोलरचं नाव आलं तरच जोडायला घ्या. आणि हो, घड्याळही बघा: ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर कर्बेरॉस दारातूनच परत पाठवतं.