मस्टर कोणाच्या टेबलावर?

संगणकांच्या देखरेखीचा इतिहास सांगायला बसले की लोक बहुधा आलेखांचा इतिहास सांगतात. १९९५च्या सुमारास टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी लिहून राउटरवरची रहदारी चित्रात दाखवली, १९९९ मध्ये त्यांचेच आरआरडीटूल आले, पुढे ग्राफाइट, मग ग्राफाना. जणू आकडे साठवायचे कुठे आणि रंगवायचे कसे, एवढाच काय तो प्रश्न होता. हा इतिहास खोटा नाही. पण या धंद्यातला खरा कज्जा मस्टरचा होता, असे मला वाटते. हजेरी कोणाकोणाची घ्यायची, ती नावे कोणी लिहायची आणि एखादे नाव कधी खोडायचे? कंटेनरच्या क्लस्टरमध्ये मॉनिटरिंगची टार्गेट्स आपोआप शोधण्याची व्यवस्था आज सर्रास वापरली जाते आणि तिच्याकडे निव्वळ सोय म्हणून पाहिले जाते. हाताने यादी लिहायचा त्रास वाचला हे खरेच. पण त्या बदल्यात मस्टर देखरेख करणाऱ्याच्या टेबलावरून उचलले गेले आणि यंत्रे चालवणाऱ्याच्या टेबलावर गेले. या हस्तांतराची फारशी चर्चा झाली नाही, आणि त्याची किंमत बऱ्याच जणांना रात्री न वाजलेल्या अलार्ममधून कळते.

हाताने ठेवलेल्या यादीची मर्यादा संगणकांच्या जगाला नवी नव्हती. आर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावे आणि पत्ते एकेकाळी एकाच फाइलीत असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालचे माहिती केंद्र ती फाइल सांभाळी आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढले तसे हे जमेना, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. मात्र डीएनएसला मुळात नाव सांगावे लागते, मग तो पत्ता देतो. ‘इथे आत्ता कोण कोण आहे?’ या प्रश्नासाठी तो बांधलेला नव्हता. देखरेखवाल्याला नेमके तेच विचारायचे असते, म्हणून त्याने आपली वही वेगळी ठेवली.

त्या वहीचा नमुना म्हणजे नागिओस. एथन गाल्स्टाड यांनी १९९९ मध्ये ते नेटसेंट नावाने प्रसिद्ध केले आणि २००२ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्यात प्रत्येक यंत्रासाठी एक परिच्छेद, त्या यंत्रावरच्या प्रत्येक तपासणीसाठी आणखी एक परिच्छेद, आणि सगळे साध्या मजकुराच्या फायलींत. नवा सर्व्हर आला की फाइल उघडा, लिहा, तपासा, नागिओसला ती पुन्हा वाचायला लावा. या पद्धतीची चेष्टा करणे आज सोपे आहे, पण तिचा एक गुण नंतर कोणालाच तितक्या स्वस्तात मिळाला नाही. नागिओस सुरू होण्याआधी वही तपासून घेता येई. ज्या यंत्राचा परिच्छेदच नाही त्याच्यावर तपासणी नेमली असेल, तर तो चूक दाखवून अडून बसे. शिवाय त्या वहीत लिहिलेले नाव ही एक अपेक्षा होती: हे यंत्र असलेच पाहिजे, नसेल तर बोंब मारा. मस्टरमध्ये नावांचा रकाना आधी भरलेला असतो आणि सह्या नंतर होतात. गैरहजेरी कळते ती या क्रमामुळेच.

ही वही मोडली ती यंत्रांचे आयुष्य आखडल्यामुळे. २००६ मध्ये ॲमेझॉनने ईसीटू सुरू केल्यावर सर्व्हर ही खरेदी करून रॅकमध्ये बसवायची वस्तू उरली नाही. मधल्या काळात पपेटसारख्या साधनांनी वहीत नावे आपोआप भरून पाहिली. प्रत्येक यंत्र आपली नोंद मध्यवर्ती साठ्यात टाकी आणि नागिओसचे यंत्र आपल्या फेरीत त्या नोंदी गोळा करून फायली तयार करी. युक्ती चांगली होती. पण पपेटची फेरी ठरावाप्रमाणे दर ३० मिनिटांनी होई, आणि गेलेल्या यंत्राची नोंद कोणीतरी मुद्दाम काढेपर्यंत राही. कागदावर घोडी आणि पागेत शुकशुकाट, हा लष्करी हिशेबातला जुना रोग इथे नव्याने उगवला. २०१३ मध्ये कंटेनर चालवणारे डॉकर आले, २०१४ मध्ये गूगलने कंटेनरांचे क्लस्टर सांभाळणारे कुबरनेटीस जाहीर केले, आणि अर्ध्या तासाची फेरी हास्यास्पद झाली. कुबरनेटीसमध्ये बिघडलेला पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट, दुरुस्त करत बसत नाहीत. तो जातो आणि त्याच्या जागी दुसरा, सहसा नव्या नावाचा आणि नव्या पत्त्याचा, उभा राहतो. अशा वस्तीची यादी हाताने ठेवणे म्हणजे एसटी स्टँडवरच्या प्रवाशांची शिरगणती करण्यासारखे आहे.

इथे एक आक्षेप येतो: आपोआप शोध तर आधीही होता, मग कंटेनरने नवे काय केले? झॅबिक्ससारख्या साधनांना आयपी पत्त्यांचा एक पट्टा दिला की ती दारोदार जाऊन कोण उत्तर देते ते पाहत. हे खरे आहे, पण दार ठोठावून कळते ते इतकेच, की आत कोणीतरी आहे. ते कोणत्या ॲप्लिकेशनचे, कोणत्या टीमचे, कोणत्या आवृत्तीचे, हे पत्त्यावरून कळत नाही. आणि पॉडचे पत्ते तर पुन्हापुन्हा वापरले जातात, म्हणजे सकाळी एका खोलीत राहणारा संध्याकाळी वेगळाच असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यादीच कशाला हवी, ज्याला आपली खबर द्यायची आहे त्याने स्वतःच पाठवावी. बर्कलीत जन्मलेल्या गँग्लियाने हेच केले. प्रत्येक यंत्र मल्टिकास्टने आपले आकडे पुकारी आणि ऐकणारा नोंद घेई. एटसीने २०११ मध्ये लोकांपुढे ठेवलेले स्टॅट्सडीही पाठवण्याच्याच पक्षाचे. पण पाठवणाऱ्याने पाठवणे थांबवले तर तो मेला की कामावरून काढला, हे ऐकणाऱ्याने कसे ठरवायचे? गँग्लियाच्या कॉन्फिगमध्ये याचे प्रामाणिक उत्तर आहे. गप्प झालेल्या यंत्राला किती सेकंदांनी विसरायचे हा आकडा तिथे तुम्हीच लिहायचा असतो, आणि शून्य लिहिले तर कधीच विसरायचे नाही. म्हणजे पुश पद्धतीत मस्टर टळत नाही. ते विसरण्याच्या नियमात लपून बसते.

कुबरनेटीसच्या आधीच गूगलमध्ये या कोड्याचा एक तोडगा निघाला होता. तिथे बोर्ग नावाची व्यवस्था कामे यंत्रांवर वाटत असे, आणि २००३ मध्ये तिच्या जोडीला बोर्गमॉन ही देखरेख उभी राहिली. बोर्गमॉन स्वतः जाऊन आकडे ओढून आणी, पण कोणाकडून आणायचे ते बोर्गच्या नामव्यवस्थेला विचारी. काम कुठे चालले आहे हे ज्याने ते तिथे ठेवले त्यालाच नेमके माहीत असते, इतके साधे ते तर्कशास्त्र. गूगलमधून बाहेर पडलेले मॅट प्राउड आणि ज्युलियस व्होल्झ बर्लिनच्या साउंडक्लाउडमध्ये आले तेव्हा तिथे बझूका नावाचा घरगुती कंटेनर प्लॅटफॉर्म होता, त्यावर शेकडो सेवा होत्या आणि हाताशी स्टॅट्सडी व ग्राफाइट. २०१२ मध्ये त्यांनी सुरू केलेला प्रोमेथियस हा देखरेखीचा प्रकल्प या पार्श्वभूमीचा आहे. त्याची क्वेरीची भाषा आणि डेटाबेस यांचे कौतुक झाले ते योग्यच. पण इतिहासाच्या दृष्टीने मी अधिक महत्त्व देईन ते जून २०१५ मध्ये ०.१४ आवृत्तीबरोबर रुळलेल्या कल्पनेला. शोधून आणणारा भाग आणि निवडणारा भाग त्या आवृत्तीने वेगळे केले. शोधणारा, मग तो डीएनएस असो, कॉन्सल असो की साधी फाइल, सापडेल ते सगळे आणून टाकतो आणि प्रत्येकाला माहितीच्या चिठ्ठ्या चिकटवतो. त्यातले काय ठेवायचे, काय टाकायचे, कोणाला काय नाव द्यायचे, ते रीलेबलिंगचे नियम ठरवतात.

कुबरनेटीसच्या बाबतीत ही जोडी कशी चालते ते जरा थांबून पाहण्यासारखे आहे. प्रोमेथियस कुबरनेटीसच्या एपीआय सर्व्हरकडून एकदा पूर्ण यादी घेतो आणि मग ‘वॉच’ लावून बसतो. बदल झाला की सर्व्हरच कळवतो, त्यामुळे नवा पॉड काही सेकंदांत टार्गेट होतो. यादी कशाची हवी ते ‘रोल’ने सांगायचे: नोड, पॉड, सर्व्हिस, एंडपॉइंट्स, इन्ग्रेस. ही निवड वरवरची नाही. ‘सर्व्हिस’ मागितली तर सेवेचा एकच दर्शनी पत्ता मिळतो, आणि तिथून आकडे ओढले तर ते मागच्या कोणत्या पॉडचे येतील ते सांगता येत नाही. बाहेरून दार उघडते का एवढे पाहायला तो ठीक आहे. ‘एंडपॉइंट्स’ मागितले तर त्या सेवेमागचा प्रत्येक पत्ता स्वतंत्र टार्गेट होतो. शिवाय हे दप्तर कोणीही चाळू शकत नाही. नोड, पॉड, सर्व्हिस आणि एंडपॉइंट्स यांची यादी वाचण्याची आणि तिच्यावर नजर ठेवण्याची लेखी परवानगी प्रोमेथियसच्या सर्व्हिस अकाउंटला द्यावी लागते. मस्टर दुसऱ्याच्या कचेरीत गेले याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

मग लिहिणे संपले का? मुळीच नाही. ते फक्त लांब गेले आणि विखुरले. प्रोमेथियसच्या नमुना कॉन्फिगमध्ये एक रीत दाखवली होती: पॉडवर किंवा सर्व्हिसवर ‘मला स्क्रेप करा’, म्हणजे माझे आकडे ओढून न्या, असे ॲनोटेशन लावा, नियम ते पाहून निवडतील. कुबरनेटीसने हे प्रमाण म्हणून कधी ठरवले नव्हते, तरी गावोगावी तीच वहिवाट पडली. मग २०१६च्या नोव्हेंबरात कोअरओएसने प्रोमेथियस ऑपरेटर आणला आणि सर्व्हिसमॉनिटर नावाची स्वतंत्र वस्तू क्लस्टरमध्येच लिहायची सोय झाली. ‘अमुक लेबल असलेल्या सेवांची हजेरी घ्या’ असा तो हुकूम. टीम आपल्या सेवेसोबत आपला हुकूमही ठेवते, मध्यवर्ती कारकुनाकडे अर्ज करावा लागत नाही. हा फायदा मोठा आहे. पण लेबलाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले तर काय होते? काहीच होत नाही. हुकूम वैध असतो, त्याला जुळणाऱ्या सेवा शून्य असतात, आणि शून्य हे व्यवस्थेच्या लेखी कायदेशीर उत्तर आहे. नागिओस जिथे अडून बसला असता तिथे इथे शांतता. निवडीत गळालेली टार्गेट्स कोणत्या लेबलांसह आली होती ते दाखवणारे पान प्रोमेथियसमध्ये २०१८ मध्ये आले, पण ते उघडायला आधी शंका यावी लागते.

मस्टरचा क्रम उलटल्यामुळे झालेले नुकसान याहून गंभीर आहे. प्रोमेथियस प्रत्येक टार्गेटसाठी ‘अप’ नावाचा आकडा नोंदवतो: उत्तर आले तर एक, नाही आले तर शून्य. शून्य झाला की अलर्ट, हा पहिला धडा. पण पॉड यादीतूनच गेला तर ‘अप’ शून्य होत नाही, ती मालिकाच थांबते. २.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७च्या अखेरीपासून, तिच्यावर लगेच ‘शिळी’ असा शिक्काही बसतो. जे आले त्यांचीच नावे मस्टरवर लिहायची असे ठरले, तर गैरहजेरी कायमची शून्य. यावर उपाय म्हणून ‘ॲब्सेंट’ हे फंक्शन वापरतात, आणि त्यात कोणाची अनुपस्थिती तपासायची ते नाव हाताने लिहावे लागते! म्हणजे फिरून ती वही आलीच.

अनुभवी मंडळी म्हणतील की अपेक्षा हरवलेली नाही, ती कुबरनेटीसच्या डिप्लॉयमेंटमध्ये लिहिलेली आहे: पाच प्रती हव्यात असे तिथे स्पष्ट असते, आणि कुब-स्टेट-मेट्रिक्स हे साधन हवे असलेले आणि हजर असलेले असे दोन्ही आकडे देते. हा युक्तिवाद मला बराचसा मान्य आहे. आज शहाणे अलर्ट याच तफावतीवर लिहिले जातात. फक्त एवढे विसरू नये, की हवे किती आणि आहेत किती, या दोन्ही गोष्टी एकाच एपीआय सर्व्हरच्या तोंडून येतात. फिर्यादी आणि साक्षीदार एकाच घरातले. नाव यंत्राच्या पत्त्यापर्यंत पोचले का आणि यंत्राने उत्तर दिले का, या दोन गोष्टी बोर्गमॉन प्रत्येक टार्गेटसाठी वेगवेगळ्या नोंदवून ठेवी. दप्तरातली चूक आणि शेतातली चूक यांत भेद करण्याची ती धडपड होती. सात-बाऱ्यावरचे नाव आणि प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ दरवेळी बसतोच असे नाही, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

कुबरनेटीसचे दप्तरही चुकते, तेही जाहीरपणे. एंडपॉइंट्स ही वस्तू एका सेवेमागचे सगळे पत्ते एकाच नोंदीत ठेवी, आणि एक पॉड बदलला तरी अख्खी नोंद सगळ्यांना पुन्हा पाठवावी लागे. हा भार कमी करण्यासाठी पत्ते तुकड्यांत विभागणारे एंडपॉइंटस्लाइस आले. एका तुकड्यात ठरावाप्रमाणे १०० पत्ते. जुनी एंडपॉइंट्स मागे ठेवली गेली, पण १.२२ आवृत्तीपासून तिच्यात १००० पत्तेच मावतात. त्यापुढचे गाळले जातात आणि नोंदीवर ‘छाटले आहे’ असे एक ॲनोटेशन लावले जाते. एंडपॉइंटस्लाइस वाचणारा रोल प्रोमेथियसमध्ये २०२० पासून आहे. पण ज्याच्या कॉन्फिगमध्ये अजून जुनाच रोल आहे, त्याच्या मस्टरवर १००१ वा पॉड कधी चढतच नाही. तो चालू असो वा बंद, त्याच्या नावापुढे ना सही, ना खाडा.