उसन्या गाण्यांची मैफल

नावारूपाला आलेल्या गायकाने दुसऱ्याचे गाणे का गावे? रॉक संगीतात अशा गाण्याला ‘कव्हर’ म्हणतात. कधी ती केवळ सोय असते, तर कधी ऋण फेडणे.

१८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले. गाणारा होता ‘निर्वाणा’ बँडचा कर्ट कोबेन. १९९१च्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमने त्याला जगभर पोचवले होते. त्यातले सर्वांत गाजलेले गाणे मात्र त्याने त्या दिवशी गायलेच नाही. उलट १४ गाण्यांपैकी ६ दुसऱ्यांची निवडली. डेव्हिड बोवी आणि लेडबेली ही मोठी नावे त्यात होतीच. पण एक गाणे स्कॉटलंडच्या ‘द व्हॅसलिन्स’चे होते आणि तीन अ‍ॅरिझोनाच्या ‘मीट पपेट्स’ची. हे बँड छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या वर्तुळातून आलेले. दर्दी मंडळींच्या बाहेर त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. ‘मीट पपेट्स’ची ती तिन्ही गाणी १९८४च्या एकाच अल्बममधली. कोबेनने नुसती गाणी घेतली नाहीत. त्या बँडमधल्या कर्कवुड बंधूंनाच साथीला मंचावर बोलावले.

एप्रिल १९९४मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी कोबेनने आयुष्य संपवले. त्याच नोव्हेंबरात या मैफलीचा अल्बम निघाला आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याबरोबर ती उसनी गाणीही घरोघरी पोचली.

आवडलेली कॅसेट मित्राच्या हातात कोंबून ‘हे ऐकच’ म्हणणारा चाहता आपण सर्वांनी पाहिला आहे. कोबेन शेवटपर्यंत तोच राहिला; फक्त त्याचे ऐकायला सारे जग बसले होते.