व्हिएतनामच्या वाटेवरचीं अक्षरें

श्रोतेहो, समजा कीं, आपल्याकडील एखाद्या शाळेची पंचवीस-तीस मुलामुलींची तुकडी व्हिएतनामच्या सहलीस निघाली आहे. दोन शिक्षक बरोबर आहेत आणि वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी आहे. प्रथम राजधानी हानोई, मग जुनें राजनगर हुए, त्यानंतर होइ आन बंदर आणि शेवटीं त्याच्या जवळचें मी सन येथील देवालयांचें खोरें. अशा सहलींत मुलांनीं काय पाहावें, असा प्रश्न मला कोणीं विचारला तर माझें उत्तर असें कीं, त्यांनीं वाटेंत भेटणारीं अक्षरें पाहावींत. देवळें, राजवाडे, बाजार हें सर्व पाहण्यासारखें आहेच. परंतु एका राष्ट्रानें आपली लिपि कां बदलली, आणि त्या बदलांत त्यानें काय मिळविलें व काय गमाविलें, हें त्या वाटेवर फार स्पष्ट दिसतें. आणि हा प्रश्न आपल्या घरापासूनही दूरचा नाहीं.

हानोईंत पहिली भेट व्हान मिएउ म्हणजे विद्यामंदिर यास द्यावी. लि वंशांतील राजा लि थान तोंग याच्या कारकीर्दींत १०७० सालीं हें मंदिर कन्फ्यूशियसच्या नांवें उभारलें गेलें, आणि १०७६ सालीं तेथेंच राजकुळांतील मुलांसाठीं एक विद्यालय निघालें. पुढें इतर गुणी विद्यार्थ्यांनाही त्यांत प्रवेश मिळूं लागला. आज त्या आवारांत दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या केलेल्या ८२ शिला आहेत. १४४२ ते १७७९ या काळांतील राजपरीक्षांत जे उत्तीर्ण झाले, अशा १,३०० हून अधिक पंडितांचीं नांवें त्यांच्या गांवांसह या शिलांवर कोरलेलीं आहेत. राजांचे विजय आणि वंशावळी कोरलेले दगड सर्व देशांत सांपडतात. परीक्षेचा निकाल दगडावर कोरून ठेवणारें राज्य विरळा. यांतील पहिल्या शिला ले थान तोंग या राजाच्या आज्ञेनें १४८४ सालीं उभारल्या. गुणी माणसें हीच राष्ट्राची प्राणशक्ति होय, असा आशय पहिल्या शिलेवर आहे. परीक्षेस बसणारे विद्यार्थी यश यावें म्हणून या कासवांच्या डोक्यांवरून हात फिरवीत असत. त्यानें दगड झिजूं लागल्यामुळें आतां भोंवतीं कठडा घातला आहे.

या शिलांवरील लिपि चिनी आहे. इ. स. पूर्व १११ पासून सुमारें एक हजार वर्षें या प्रदेशावर चीनची सत्ता होती. मध्यंतरीं, इ. स. ४० मध्यें, त्रुंग भगिनींनीं बंड करून तीन वर्षें स्वातंत्र्य भोगलें. तें चिनी सैन्यानें मोडलें. अखेर ९३८ सालीं न्गो क्वेन यानें बाख दांग नदीच्या मुखाशीं लोखंडी टोंकांचे खांब पाण्याखालीं रोंविले, भरतीच्या वेळीं शत्रूचीं गलबतें आंत ओढून घेतलीं आणि ओहोटी लागतांच तीं त्या खांबांवर फोडलीं. परकी सत्ता गेली. परंतु तिची लिपि व्हिएतनामी लोकांनीं ठेवून घेतली. दरबार, कायदा, परीक्षा, इतिहास हें सर्व चिनींतच चालूं राहिलें. बोलण्याची भाषा मात्र निराळी होती. ती लिहितां यावी म्हणून पंडितांनीं चिनी अक्षरें जोडून चू नोम नांवाची एक देशी लिपि तयार केली. न्गुयेन दु याचें 'किएउ' हें त्यांचें सर्वांत लाडकें काव्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं याच लिपींत लिहिलें गेलें. परंतु नोम शिकावयाची तर आधीं चिनी शिकावी लागे. त्यामुळें शेतकऱ्याचा मुलगा दोन्ही दारांबाहेरच राहिला.

तेथून आपली तुकडी हुए येथें येईल. १८०२ पासून १९४५ पर्यंत न्गुयेन राजांची ही राजधानी होती. या राजांनीं छापखान्यासाठीं कोरविलेले ३४,००० हून अधिक लांकडी ठसे अजून शिल्लक असून ते सध्यां दा लात येथें जतन केलेले आहेत. अक्षरें लांकडावर उलटीं कोरावयाचीं आणि शाई लावून कागदावर उमटवावयाचीं, अशी ती रीति होती. याच हुए शहरांत १९१९ सालीं शेवटची राजपरीक्षा झाली. साडेआठशें वर्षांची परंपरा त्या वर्षीं संपली. ती कां संपली, हें समजण्यासाठीं पुढच्या मुक्कामास गेलें पाहिजे.

होइ आन हें थू बोन नदीच्या मुखाजवळचें जुनें व्यापारी बंदर. सोळाव्या व सतराव्या शतकांत येथें जपानी, चिनी व पोर्तुगीज व्यापारी येत. जपानी व्यापाऱ्यांनीं बांधलेला लहानसा झांकलेला पूल अद्याप उभा आहे. १७१९ सालीं तेथील अधिपतीनें त्यास दूरच्या पाहुण्यांचा पूल या अर्थाचें नांव दिलें. तें नांव चिनी अक्षरांत पुलावर आहे. याच भागांत येशूसंघाचे पाद्री आले. फ्रांसिस्कु द पिना या पोर्तुगीज पाद्र्यानें लोकांची बोली उत्तम रीतीनें शिकून ती रोमन अक्षरांत लिहिण्यास आरंभ केला, आणि त्याच्यापाशीं भाषा शिकलेल्या आलेक्झांद्र द रोद यानें १६५१ सालीं रोम येथें व्हिएतनामी शब्दकोश छापविला. हें काम सोपें नव्हतें. 'मा' या एका उच्चाराचे स्वर बदलले कीं भूत, आई, परंतु, थडगें, घोडा आणि भाताचें रोप असे सहा अर्थ होतात. ते वेगळे दाखविण्यासाठीं पाद्र्यांनीं अक्षरांच्या वरखालीं चिन्हें योजिलीं. या लिपीस पुढें क्वोक न्गू, म्हणजे राष्ट्रभाषा, असें नांव पडलें.

येथें गोमंतकाची आठवण होणें स्वाभाविक आहे. याच येशूसंघाच्या फादर स्टीफन्सनें साष्टींतील राचोल येथें १६१६ सालीं आपलें मराठी ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापविलें, आणि रोद स्वतः पूर्वेकडे जातांना गोव्यास राहून गेला होता. उद्योग एकच, लिपि एकच. परंतु फळ निराळें. आपल्याकडे मराठीस स्वतःची सोपी वर्णमाला आधींच होती, म्हणून रोमन अक्षरें किनाऱ्यावरच राहिलीं. व्हिएतनाममध्यें सामान्य माणसास सहज शिकतां येईल अशी लिपि नव्हती, म्हणून तीं घराघरांत गेलीं.

मात्र हें लगेच घडलें नाहीं. अडीचशें वर्षें ही लिपि चर्चच्या भिंतींच्या आंतच होती. पुढें फ्रेंच आले. त्यांनीं ती उचलून धरली ती चीनशीं असलेलें या लोकांचें नातें तुटावें म्हणून. आणि देशभक्तांनीं तीच हातीं घेतली ती फ्रेंचांशीं लढतां यावें म्हणून. १९०७ सालीं हानोईंत कांहीं जुन्या पंडितांनींच एक विनामूल्य शाळा काढली. ज्यांनीं आयुष्य चिनी अक्षरें घोंकण्यांत घालविलें, त्यांनींच सांगितलें कीं आतां मुलांना क्वोक न्गू शिकवा, कारण तें थोड्या महिन्यांत येतें. कांहीं महिन्यांतच फ्रेंच सरकारनें शाळा बंद केली. परंतु विचार बंद झाला नाहीं. २ सप्टेंबर १९४५ रोजीं स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि त्याच आठवड्यांत, ८ सप्टेंबर रोजीं, लोकशिक्षणाचे हुकूम निघाले. खेडोपाडीं रात्रीचे वर्ग सुरू झाले. कांहीं ठिकाणीं बाजाराच्या वाटेवर फळ्यावर अक्षरें लिहून ठेवीत. ज्यास वाचतां येईल त्यानें मानाच्या दारानें आंत जावें, ज्यास येणार नाहीं त्यानें बाजूच्या दारानें. जन्मभर शिक्षकाचें काम केलेल्या माणसास या हकीकतींत जो आनंद वाटतो तो मी निराळा सांगण्याची गरज नाहीं.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मुलांना दाखविली पाहिजे. त्यासाठीं होइ आनपासून सुमारें ४० किलोमीटरवर असलेल्या मी सनच्या खोऱ्यांत जावें. येथें चाम लोकांचें चंपा नांवाचें राज्य होतें. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मा राजानें येथें शिवाचें देवालय बांधलें आणि आपल्या नांवावरून देवास भद्रेश्वर म्हटलें. पुढें तेराव्या शतकापर्यंत तेथें विटांचीं मंदिरें होत राहिलीं. १९६९ सालीं अमेरिकन विमानांच्या बॉम्बवर्षावांत त्यांतील सर्वांत भव्य मंदिर कोसळलें. जीं उरलीं त्यांची डागडुजी काझिमियेझ क्वियात्कोव्स्की या पोलिश वास्तुशास्त्रज्ञानें अनेक वर्षें तेथें राहून केली, आणि अलीकडे भारतीय पुरातत्त्व खात्यानेंही तेथें काम केलें आहे. तें चालू असतां २०२० सालीं एका अखंड दगडाचें शिवलिंग मातींतून वर आलें.

तेथील शिलालेख वाचून दाखविले तर आपल्या मुलांना राजांचीं व देवांचीं नांवें ओळखीचीं वाटतील. अशा वेळीं हें सर्व आमचेंच, असें म्हणण्याचा मोह होतो. शिक्षकानें तो आवरावा. भाषा संस्कृत असली तरी मंदिरें चाम हातांनीं, चाम राजांसाठीं बांधलीं. त्याच भागांत त्रा किएउजवळ सांपडलेला एक लहान लेख तर खुद्द चाम भाषेंत आहे. तो सामान्यतः चौथ्या शतकाच्या सुमाराचा मानतात, आणि चाम भाषेचा त्याहून जुना लेख माहीत नाहीं. राजाच्या नागाचा मान राखील त्यास रत्नें मिळोत, अपमान करील तो सात पिढ्यांसह नरकांत जावो, असें त्यांत म्हटलें आहे. आपल्या जुन्या दानपत्रांतील शापवचनें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना ही रीति परिचयाची वाटेल. पण बोलणारा माणूस तेथील आहे. त्याचे वंशज फान रांगच्या बाजूस अद्याप राहतात व आपली निराळी लिपि मुलांना शिकवितात.

आतां एक गोष्ट लक्षांत घ्यावी. १४७१ सालीं चाम लोकांची राजधानी विजय जिंकून त्यांचें राज्य मोडणारा राजा ले थान तोंग. आणि १४८४ सालीं विद्यामंदिरांत पंडितांच्या शिला उभारणाराही तोच. त्यानें पराजितांचें राज्य घेतलें आणि आपल्या पंडितांचीं नांवें कायम राहावींत म्हणून तीं दगडावर कोरविलीं. आज काय दिसतें? हानोईंतील शाळकरी मूल त्या शिलांपुढें उभें राहून छायाचित्र काढतें, परंतु स्वतःच्या गांवच्या पंडिताचें नांव त्यास वाचतां येत नाहीं. तें 'किएउ' काव्य वाचतें तेंही रोमन अक्षरांत. ज्या शाळेनें त्याच्या आजोबांना साक्षर केलें, तिनेंच त्याचें पणजोबांशीं असलेलें पत्रव्यवहाराचें दार लाविलें. हें नुकसान ओळखूनच हानोईंत हान-नोम अध्ययनाची एक स्वतंत्र संस्था चालते. जुन्या पोथ्या, शिलालेखांचे ठसे गोळा करावे, थोडे लोक तरी ती विद्या शिकलेले असावे, हें तिचें काम. सर्वांनीं जुनी लिपि शिकावी असें तेथें कोणी म्हणत नाहीं. ती कोणालाच येत नाहीं असें होऊं नये, एवढेंच ते पाहतात.

श्रोतेहो, आपल्या पुष्कळ घरांच्या माळ्यावर मोडी कागदांचीं दप्तरें पडलेलीं आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी आपल्या शाळांतून शिकवीत असत. मग बाळबोधाची सोय पाहून ती सोडली. तो निर्णय चुकीचा होता असें मी म्हणत नाहीं. एक लिपि पक्की येणें हें लहान मुलाच्या दृष्टीनें हिताचेंच. परंतु पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील रुमालांत बांधलेले कागद वाचणारे लोक आज मोजके आहेत, आणि घरचीं खतें, पत्रें, जमाखर्च यांचें काय करावें हें न कळून कित्येक कुटुंबें तीं रद्दींत देतात. व्हिएतनामहून परत येणाऱ्या मुलांनीं तेथील कासवांची आठवण ठेवावी आणि घरीं येऊन आजीस एवढेंच विचारावें कीं, आपल्या माळ्यावर जुने कागद आहेत काय. असल्यास ते कोरड्या जागीं ठेवावे, आणि शंभरांतील एकदोघां मुलांनीं तरी सुट्टींत मोडी शिकावी. तेवढ्यानें त्या सहलीचा खर्च वसूल होईल.