राजीखुशीने, अक्कलहुशारीने

गेल्या वर्षी माझ्या मुलीने आणि जावयाने जर्मनीत, श्टुटगार्टला, तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला. सहीच्या दिवशी रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "अब्बा, सही करायला दोन मिनिटं लागली, पण त्याआधी दीड तास नोटरी सगळा दस्त मोठ्यानं वाचत होता आणि आम्ही मुकाट्यानं ऐकत होतो!"

मला गंमत वाटली. चौकशी केली तेव्हा कळले, की तिथे घर-जमिनीचा करार नोटरीसमोरच व्हावा लागतो. १९६९ च्या कायद्यानुसार नोटरीने तो दोन्ही पक्षांना वाचून दाखवायचा, त्यांनी मान्य म्हणायचे आणि मगच सह्या. भाषा न कळणाऱ्याला त्याचा तोंडी अनुवाद करून सांगायचा.

त्या रात्री कपाट उघडून मी माझे स्वतःचे खरेदीखत बाहेर काढले. पुण्यातला हा फ्लॅट मी २००६ मध्ये घेतला. सांगायला लाज वाटते, पण जन्मभर शब्दांशी खेळलेल्या या बी.ए. झालेल्या कवीने ते खत त्या रात्री पहिल्यांदा वाचले.

आपल्याकडे सहीचा दिवस कसा असतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसायचे. एजंट कागदाचा कोपरा वर करून म्हणतो, "काका, इथं. आता इथं. आणि हितं मागं." २००२ पासून नोंदणी संगणकावर आली, तेव्हा कॅमेऱ्यासमोर बसायचे आणि अंगठा यंत्रावर टेकवायचा. आत काय लिहिले आहे, हे ना आपण विचारतो, ना कोणी सांगते.

वाचायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडकलो. माझे नाव 'लिहून घेणार', विकणाऱ्याचे नाव 'लिहून देणार'. किती जुनी, किती साधी मराठी! पुढे मिळकतीचे वर्णन: चतुःसीमा, आणि 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह'. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गवत कुठले आणि पुरलेले धन कुठले! पण राजे-सरदारांच्या इनामपत्रांत शोभणारी ही माळ लेखनिकांच्या बोटांतून उतरत उतरत माझ्या फ्लॅटपर्यंत आली होती.

आणि शेवटी ते वाक्य: 'हे खरेदीखत राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे.' राजी आणि अक्कल अरबी, खुशी आणि हुशारी फारसी, आणि वाक्य अस्सल मराठी.

मग मला नादच लागला. 'खरेदी' फारसी, 'खत' अरबी. 'दस्त' म्हणजे फारसीत हात, म्हणून दस्तखत म्हणजे हाताचे अक्षर. आपण करतो ती 'सही' म्हणजे अरबी 'सहीह', म्हणजेच बरोबर, निर्दोष. हक्क, मालकी, कब्जा, वारस, हद्द, नक्कल, हे सगळे तिकडून आलेले. कुलमुखत्यारपत्रातले 'कुल' आपले घराण्याचे कुळ नव्हे, ते अरबी 'कुल', म्हणजे सगळे. 'दुय्यम निबंधक' या हुद्द्यात तर पहिला शब्द फारसी आणि दुसरा संस्कृत, शेजारी-शेजारी नांदतात.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. कारभाराची भाषा त्याने पुष्कळ बदलली. पण घर-जमिनीच्या कागदात लोक जुना शब्द सहजासहजी सोडत नाहीत. आजोबांच्या खतात जो शब्द टिकला, तोच नातवाला भरवशाचा वाटतो. पेशवाईतले कागद पाहा, सालसुद्धा अरबी अंकांत लिहिलेले. 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार. शुहूर सन ११७६, म्हणजे इसवी सन १७७५-७६. पुण्यातले कारकून रोज अरबीत आकडे मांडत होते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. पुढे याच शहरात, १९२५ साली, माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने तो प्रसिद्ध केला. जुने दप्तर वाचणाऱ्यांना त्या कोशाचा केवढा आधार झाला!

त्या काळी सही न येणाऱ्याची खूण असे. गावच्या महजरावर पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, न्हाव्याचा आरसा, आणि मुलाण्याची सुरी. आमचे घराणे मुलाण्याचे. असा कागद पहिल्यांदा पाहिला, तेव्हा कोपऱ्यातल्या त्या चिमुकल्या सुरीवरून माझी नजर हलेना. गावाचा निवाडा गावासमोर व्हायचा आणि त्यात आमच्याही माणसाची साक्ष लागायची.

इंग्रजी अमलात ही साक्ष गावाकडून सरकारी पुस्तकाकडे गेली. १८६४ च्या कायद्याने स्थावराचे अनेक दस्त नोंदवणे सक्तीचे झाले. आज चालतो तो नोंदणी कायदा १९०८ चा. त्याची किंमत आमच्या घराला १९६१ साली कळली. आजोबांनी कसब्यात नदीच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या होत्या. खत मोडीत, खाली 'निशाणी डावे हाताचा अंगठा'. १२ जुलैला पानशेत फुटले आणि ट्रंकेतल्या खताचा लगदा झाला. आजी तो उन्हात वाळवत बसली होती, असे अम्मी सांगायची. पण कचेरीतल्या पुस्तकात त्याची नक्कल होती. ती मिळाली, मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींनी वाचून दाखवली, आणि खोल्या आमच्या राहिल्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची. मालकीची हमी सरकार देत नाही. विकणाऱ्याचा हक्क तपासणे, जुन्या नोंदींचा शोध घेणे, हे सारे घेणाऱ्याच्या माथी. म्हणजे जर्मनीहून जास्त काळजीने वाचायला हवे ते आपण, आणि न वाचता सही करणारेही आपणच!

मी का वाचले नव्हते? त्याचेही कारण आहे. २००५-०६ मध्ये आम्ही घर शोधत होतो. सकाळी फोनवर रिकामा असलेला फ्लॅट मी नाव सांगितले की संध्याकाळी 'बुक' झालेला असे. एकाने तर चहा पाजून सांगितले, "आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीतले लोक..." असे पाच-सहा वेळा झाले. मग एक वृद्ध गृहस्थ भेटले. माझी कविता त्यांनी कुठल्याशा दिवाळी अंकात वाचली होती. म्हणाले, "घ्या तुम्ही." तो होकार ऐकून मी इतका हरखलो, की कागद पुढे आले तसा सही करत गेलो. त्यांचे मन बदलेल, ही एकच भीती. राजीखुशी पुरेपूर होती, अक्कलहुशारी नव्हती.

आणि त्या रात्री वाचताना चूक सापडली. चतुःसीमेत पूर्व आणि पश्चिम उलटी पडली होती. माझा जिना शेजाऱ्याच्या भिंतीत आणि शेजारी हवेत! इतकी वर्षे मी कागदावर भलत्याच घरात राहत होतो.

चूक दुरुस्त करायला चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो आणि त्यावर लिहून देणाऱ्याचीही सही लागते. ते गृहस्थ आता हयात नाहीत. भीतभीतच त्यांच्या दोन मुलांकडे गेलो. थोरले म्हणाले, "बाबा तुमच्याविषयी बोलायचे. कधी येऊ सांगा."

ठरल्या दिवशी कचेरीत बाकावर बसलो. एजंटाने सवयीप्रमाणे कोपरा वर केला, "काका, इथं." मी म्हणालो, "थांब बाळा." चष्मा लावला आणि चारही पाने मोठ्याने वाचली. पूर्वेस जिना, पश्चिमेस मोकळी जागा. रांगेतली माणसे वळून पाहू लागली. 'अक्कलहुशारीने' या शब्दाशी धाकटे हसले. मग त्या दोघांनी सह्या केल्या, आणि त्यांच्याखाली मी.