शिंगांचा मुकुट: टुमॉरो बाय टुगेदरचा पहिला मिनी अल्बम

टुमॉरो बाय टुगेदर (संक्षेपाने टीएक्सटी) या दक्षिण कोरियन गायक-नर्तक मुलांच्या गटाचा ‘द ड्रीम चॅप्टर: स्टार’ हा पहिला मिनी अल्बम ४ मार्च २०१९ रोजी प्रसिद्ध झाला. गाणी पाच, एकूण अवधी वीस मिनिटांच्या आत. गटाच्या नावातील इंग्रजी एक्स हे अक्षर ‘बाय’ असे उच्चारले जाते. सदस्य पाच: यॉनजुन, सुबिन, बॉमग्यु, तेह्युन आणि ह्युनिंगकाई. पदार्पणाच्या दिवशी सर्वांत मोठा यॉनजुन एकोणीस वर्षांचा होता आणि सर्वांत धाकटा ह्युनिंगकाई सोळा वर्षांचा. गटाचे नेतृत्व मात्र सुबिनकडे आहे.

मिनी अल्बम हा कोरियन बाजारात रुळलेला प्रकार आहे. त्यात बहुधा चार ते सात गाणी असतात, आणि त्यांतील एक गाणे ‘शीर्षकगीत’ ठरवून दूरदर्शनवरील साप्ताहिक संगीत कार्यक्रमांत आठवडेच्या आठवडे सादर केले जाते. तबकडीबरोबर छायाचित्रांचे पुस्तक आणि सदस्यांची छोटी छायाचित्रपत्रे येतात. ही पत्रे जमवणे व आपसांत बदलणे हा चाहत्यांचा स्वतंत्र उद्योग असतो. ज्यांच्या घरी या वयाची मुले आहेत त्यांना तो ठाऊक असेल.

पदार्पण करणाऱ्या गटाला कोणत्या रूपात लोकांसमोर आणायचे, याला कोरियात ‘कॉन्सेप्ट’ म्हणतात. मुलांच्या गटांसाठी त्याचे ढोबळमानाने दोन मार्ग: एक कणखर, काळ्या कपड्यांचा आणि आक्रमक तालाचा, दुसरा गोड, उजळ रंगांचा, शाळकरी वळणाचा. दुसऱ्या मार्गाशी जोडलेले दोन कोरियन शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत. ‘एग्यो’ म्हणजे लाडिकपणा, मुद्दाम केलेले गोड हावभाव. ‘चॉंगन्यांग’ म्हणजे उन्हाळ्यात थंड सरबताच्या पहिल्या घोटाने येते तशी तरतरी. हे दोन्ही एकच मानण्याची चूक वारंवार होते. ‘स्टार’मध्ये पहिल्याचे प्रमाण बेताचे आहे आणि दुसऱ्याचे पुष्कळ.

या परंपरेचे आधीचे टप्पे थोडक्यात असे. शाइनी गटाने २००८ साली ‘रिप्ले’ या मिनी अल्बमने सुरुवात केली. त्याचे शीर्षकगीत वयाने मोठ्या मुलीवर भाळलेल्या मुलाच्या तोंडी आहे. सेव्हन्टीन या तेरा जणांच्या गटाने मे २०१५ मध्ये ‘सेव्हन्टीन कॅरट’ आणला. गाण्यांच्या निर्मितीत सदस्यांचाच हात असल्यामुळे त्यातला अवखळपणा अंगचा वाटतो. एनसीटी ड्रीमने तर २०१६ मध्ये स्वयंचलित चाकांच्या फळ्यांवर उभे राहून च्युइंगमवरचे गाणे म्हटले. कोरियन गणतीने वीस वर्षांचा झालेला सदस्य या गटातून बाहेर पडेल असा मूळ नियम होता. तो २०२० साली रद्द झाला. कोवळेपणा हाच विक्रीचा माल ठरला की त्याला मुदतही घालावी लागते, हे या नियमाने जितके उघडपणे सांगितले तितके दुसऱ्या कशाने सांगितले नसेल.

टीएक्सटीच्या बाबतीत अपेक्षांचे ओझे निराळे होते. बिग हिट एंटरटेनमेंट या कंपनीने याआधी २०१३ साली बीटीएस हा गट उभा केला होता, आणि त्यानंतर जवळजवळ सहा वर्षांनी आलेला हा तिचा पुढचा मुलांचा गट. बीटीएसची सुरुवात हिपहॉपने झाली होती. स्वप्न पाहायलाही न शिकवणाऱ्या शिक्षणव्यवस्थेवर त्यात राग होता, गळ्यात जाड साखळ्या होत्या. धाकट्यांनी तोच आवेश उसना घेतला असता तर तुलना अटळ होती. त्यांनी आवाज खाली आणला आणि रंग उजळ केले. हा निर्णय व्यापारी होता यात शंका नाही, पण तो शहाणपणाचाही होता.

शीर्षकगीताचे आंतरराष्ट्रीय नाव ‘क्राउन’. कोरियन नाव बरेच लांब आहे, आणि त्याचा अर्थ ‘एके दिवशी डोक्यावर शिंग उगवले’ असा होतो. मराठी वाचकाने येथे थांबावे. वयात येऊन उलट बोलू लागलेल्या मुलाला ‘शिंगे फुटली’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. कोरियन भाषेतही शिंगाचा रागाशी संबंध आहे. शिंग उगवणे म्हणजे चिडणे, आणि द्वाड वासराला पुठ्ठ्यावर शिंग फुटते अशी तिकडे म्हण आहे. दोन्ही भाषांत शिंग पाहणारा असतो मोठा माणूस, आणि तो ते बाहेरून पाहतो. ‘क्राउन’चे वेगळेपण असे की तेथे ज्याला शिंग फुटले तो स्वतः बोलतो. त्याला उद्दाम व्हायचे नसते. आपल्याला काही आजार जडला आहे, आपण राक्षस झालो आहोत, अशा धास्तीने तो आरशापासून आणि माणसांपासून दूर पळतो. मग त्याच्यासारखेच वेगळेपण वागवणारे कुणीतरी त्याला भेटते, भीतीची जागा हुरहूर घेते आणि शिंगाचा मुकुट होतो.

हा आशय सुरावटीवर मात्र जवळजवळ उमटत नाही. चाल झुळझुळीत सिंथ-पॉपची, ताल उड्या मारायला लावणारा. चित्रफितीत सदस्यांभोवती हाताने रेखाटल्यासारखी चित्रे नाचतात आणि नृत्यात बोटांची शिंगे डोक्याशी लावली जातात. भाषा न समजता ऐकणाऱ्याला हे निव्वळ आनंदाचे गाणे वाटेल. माझ्या मते हीच या गाण्याची ताकद आहे. त्या वयातली मुले आपले दुःख बहुधा अशाच चेहऱ्याने लपवतात, आणि जेवणाच्या टेबलावर ‘काही नाही’ एवढेच सांगून उठतात.

उरलेल्या चार गाण्यांपैकी ‘ब्लू ऑरेंजेड’ अल्बमची सुरुवात करते. निळा आणि नारिंगी हे रंगचक्रातले समोरासमोरचे रंग. परस्परांहून अगदी भिन्न असलेल्या दोघांच्या ओढीसाठी ही प्रतिमा नेमकी आहे, आणि पाच आवाजांची ओळख करून देण्याचे कामही हे गाणे नेटके करते. ‘अवर समर’ हे नावाप्रमाणे उन्हाळी गाणे, ऐकताना सुखद आणि नंतर फारसे न आठवणारे.

‘कॅट अँड डॉग’वर चाहत्यांतही एकमत नाही. ट्रॅप शैलीच्या जड तालावर, प्रिय व्यक्तीचे पाळीव जनावर होऊन सतत तिच्याजवळ राहण्याची इच्छा येथे गायली जाते, मधूनमधून प्राण्यांचे आवाजही काढले जातात. संपूर्ण अल्बममध्ये एग्यो आपल्या टोकाला पोहोचतो तो येथेच. कान टवकारतील असा ठेका आहे हे मान्य करूनही, कल्पना निर्मात्यांच्या टेबलावर जन्मली आणि मुलांच्या तोंडी घातली गेली, ही जाणीव मला शेवटपर्यंत सोडत नाही. गंमत म्हणजे इंग्रजीत पुन्हा गाण्यासाठी कंपनीने हेच गाणे निवडले.

शेवटचे ‘नॅप ऑफ अ स्टार’ म्हणजे ताऱ्याची दुपारची झोप. वाद्यमेळ विरळ, गती संथ, अंगाईच्या जवळ जाणारे. येथे पाच गळे प्रथमच सुटे ऐकू येतात. तेह्युनचा स्वच्छ वरचा स्वर आणि सुबिनचा मऊ, किंचित दबका आवाज ओळखायचा असेल तर येथून आरंभ करावा. ‘क्राउन’मध्ये यंत्रांनी गुळगुळीत केलेले कोपरे येथे तसेच ठेवले आहेत, आणि त्यामुळे गाणे वयाला शोभते.

निर्मितीची मुख्य सूत्रे कंपनीचे जुने निर्माते स्लो रॅबिट यांच्याकडे होती. शीर्षकगीतावर वेगवेगळ्या देशांतील गीतकारांनी एकत्र काम केले. अशी बहुदेशीय जुळणी आता या व्यवसायात नित्याची आहे. यश लगेच आले. अवघ्या आठ दिवसांत, १२ मार्च रोजी, ‘द शो’ या साप्ताहिक कार्यक्रमात गटाने पहिला विजय मिळवला. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड २००’ या अल्बमांच्या यादीत ‘स्टार’ १४० व्या स्थानी पोहोचला. एवढे नवे नाव तेथे दिसावे यामागे वडीलभावांच्या चाहत्यांचे पाठबळ होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

या मिनी अल्बमचे खरे मोल मात्र पुढच्या प्रवासावरून कळते. ऑक्टोबर २०१९ मधील ‘मॅजिक’मध्ये हीच मुले शाळेपासून पळून जादूच्या जगात शिरतात, मे २०२० मधील ‘इटर्निटी’मध्ये त्यांच्या मैत्रीला तडे जातात, २०२१ मध्ये गिटारचा कर्कश रॉक येतो. जानेवारी २०२३ मधील ‘द नेम चॅप्टर: टेम्प्टेशन’ पीटर पॅनच्या कथेचा आधार घेऊन मोठे न होण्याच्या मोहाविषयी बोलतो. तोच अल्बम ‘बिलबोर्ड २००’च्या पहिल्या स्थानी पोहोचला.

मराठीत ‘शिंगे मोडून वासरांत शिरणे’ असाही एक वाक्प्रचार आहे, आणि चाळिशीनंतर हा अल्बम ऐकणाऱ्यावर तो आरोप होणारच. ज्यांची तयारी असेल त्यांनी ‘क्राउन’ची अधिकृत चित्रफीत इंग्रजी उपशीर्षके सुरू करून पाहावी. शक्य असल्यास घरातल्या जाणकाराला शेजारी बसवावे आणि कोण कोणता हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावे. पहिल्या खेपेस पाचही चेहरे सारखेच वाटतील. केसांच्या रंगावर विसंबू नये, तो दर अल्बमला बदलतो.